उर्सुलाबाईंनी कापलेलं वाक्य

उर्सुला तुस्कानो निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. वसईच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंनी १९९९ साली घराच्या ओटीवर बायकांसाठी वर्ग काढला. "माझ्या हाताखालचं माणूस इंग्रजीत नापास होत नाही," हे त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकत. गावालाही ते पटत असे, आणि बाईंना तर पटलेलंच होतं.

वर्गात बहुतेक पाचूबंदरच्या कोळणी. त्यांतली फिलोमिना पस्तिशीची, मासळी विकून टोपली घेऊन थेट यायची. नववीत नापास झाली आणि शाळा सुटली; आता तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं. बंदरावर बायकांची मासळी सोसायटी निघत होती. तिची चिटणीस म्हणून सगळ्यांना फिलोमिनाच हवी होती, पण कागदोपत्री दहावी पास लागत होतं. परीक्षा ऑक्टोबरात. बाकीच्या विषयांचं तिला भय नव्हतं. इंग्रजी म्हटलं की मात्र हातपाय गार पडत.

बाईंची रीत अशी, की आठवडाभर एकच शब्द, आणि प्रत्येकीने तो आपल्या दिवसातून शोधून आणायचा. त्या आठवड्यात शब्द होता 'रन'.

"रन म्हणजे धावणे," बाईंनी ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रीतल, एव्हरशाईन सिटीत घरकामाला जाणारी, म्हणाली, "बाई, आमची मॅडम बोलते, टॅप इज रनिंग. नळ कुठे धावतो?" सत्यवतीने नातवाचं वाहतं नाक आणलं, एकीने साडीचा जाणारा रंग, एकीने आचोळ्याची दर वीस मिनिटांनी सुटणारी बस. बाईंनी जाडजूड शब्दकोश काढला, तर या 'रन'ने त्यात पानंच्या पानं अडवून ठेवलेली.

"इतकी वर्षं मी बिचाऱ्याला नुसतं पळवलं की गं!" बाई खळखळून हसल्या. चूक निघाली तीसुद्धा आपल्याच वर्गात, याचाही त्यांना थोडा अभिमान वाटला.

मग फिलोमिनाची पाळी आली. ती उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "माय मदर रन्स अ बोट."

"मदर कशी? फादर म्हण," बाई ताडकन म्हणाल्या. "बाया होडीत पाय तरी ठेवतात का?"

कोळणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाई, हेच वाक्य मी नववीच्या वार्षिकला लिवलं होतं," फिलोमिना म्हणाली. "तुमीच कापलंत. मदर खोडून फादर केलंत. दोन मार्क गेले, आनि मी दोन मार्कांनीच नापास झाले. बाप पान्यात जायचा, ते खरं. पन डिझेल आई भरायची, बरफ आई आनायची, खलाशी आई ठरवायची. होडी बंदराला लागली की बापाचं काम संपलं, मासळी आईच्या ताब्यात. इंजिन बिघडलं तर मिस्त्री हाक मारायचा तीही तिलाच."

बाई राजोडीच्या केळीबागेतल्या. त्यांच्या घरी बाग वडिलांची आणि शब्दही वडिलांचा. एकतीस वर्षं कोळ्यांची पोरं शिकवली, पण त्यांच्या घरी कोण काय चालवतं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. नळ आणि नाक हसण्यावारी गेलं. या चुकीने एका पोरीची शाळा घालवली होती. बाईंना ते फार लागलं.

"तुझं बरोबर होतं, फिलोमिना. चुकले ती मी," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आणि ऑक्टोबरात तू पास होणार."

"ती मी व्हनारच," फिलोमिनाने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "पन माझ्या आईला येऊन सांगा. ती मला मासळी विकायला न्यायची. म्हनून माझा अभ्यास बुडाला, असं ती वीस वरसं धरून बसलीय. वाक्याचं मी तिला बोललेच नाय. तुमी कापलं म्हनजे चूकच असनार, असं वाटलं मला."

बाई त्याच संध्याकाळी पाचूबंदरला गेल्या. फिलोमिनाची आई, आल्बिना, दारात कोलंबी सोलत बसली होती. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आल्बिना, पोरगी नापास झाली ती तुझ्यापायी नाही, माझ्यापायी. तिनं पेपरात लिहिलं होतं, होडी माझी आई चालवते. ते बरोबर होतं, आणि मी कापलं."

आल्बिनाचा हात थांबला. नापास, पास, कुणापायी, ते सगळं तिने बाजूलाच ठेवलं.

"माज्यावर लिवलं व्हतं तिनं? पेपरात?"

"हो."

"काय लिवलं व्हतं? परत सांगा."

बाईंनी ते वाक्य सांगितलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आल्बिनाने ओले हात लुगड्याला पुसले आणि बाईंना बसायला पाट सरकवला.

"बसा, बाय," ती म्हणाली. "आनि आजून एकदा सांगा."