सॅमनला राग यावा म्हणून

मासा खाण्यासाठी माणसं किती लांब जातात ते मला माहीत नाही, कारण मी मासा खात नाही. पण मासा पकडून परत सोडून देण्यासाठी माणसं किती लांब जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे. स्कॉटलंडपर्यंत जातात. दोनदा विमान बदलून, छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून, भर पावसात.

या उद्योगात मला ज्यानं ओढलं तो माझा शाळेपासूनचा मित्र. पडेगावचा, शेतीवाल्या घरातला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेला. मी भिक्षुकांच्या घरातला, पण आजोबांनंतर आमच्यात कुणाला धड संध्यासुद्धा येत नाही. मी कोर्टात कारकुनी केली. आम्ही दोघं रोज संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या एका हॉटेलात अर्धा-अर्धा कप चहा घेऊन जगाला नावं ठेवायचो. एवढी वर्षं नावं ठेवूनही जग संपलं नाही, हे त्याचं नशीब.

मग त्याची बायको गेली आणि तो गप्प झाला. हॉटेलात यायचा, चहा घ्यायचा, पण नावं ठेवायचं काम माझ्या एकट्यावर येऊन पडलं. त्याचा एकुलता एक मुलगा स्कॉटलंडमध्ये नोकरीला. तो मागे लागला, "बाबा, पडेगावचा प्लॉट विका आणि कायमचे इकडं या." मित्रानं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "तुझी मर्जी." त्याच्या भावानंही तेच सांगितलं आणि माझ्या बायकोनंही. दुसऱ्याच्या निर्णयात नाक खुपसू नये एवढी अक्कल आम्हा सगळ्यांनाच होती. खरं सांगायचं तर त्यानं जाऊ नये असंच मला वाटत होतं. हा गेला तर मी संध्याकाळी बसू कुणाबरोबर? घरी नावं ठेवायची सोय नाही, बायको माझ्यापासूनच सुरुवात करते.

मुलानं "आधी एकदा येऊन तर बघा" म्हणून तिकीट पाठवलं. बापाला इंग्रजीची अडचण नको म्हणून माझंही पाठवलं. आणि बापाला तो देश आवडावा म्हणून तीन दिवसांची सॅमनची मासेमारी ठरवली, गाइडसकट. बाप लहानपणी धोतराची झोळी करून नाल्यातले मासे धरायचा, एवढं पोरानं ऐकलं होतं.

"मासा लागला तर राहायचं," मित्र विमानात म्हणाला. "नाय लागला तर बघू."

त्या क्षणापासून मी त्या नदीतल्या झाडून सगळ्या माशांच्या बाजूनं झालो.

गाइड चांगलाच उंच, लाल दाढीचा आणि आमच्यावर पहिल्या मिनिटापासून नाराज. त्यानं गावाचं नाव विचारलं. मित्र म्हणाला संभाजीनगर, मी म्हणालो औरंगाबाद. दोन म्हातारे एकाच गावातून आलेत आणि गावाच्या नावावरच त्यांचं एकमत नाही, हे बघून त्याची भुवई जी वर गेली ती खाली यायला तयार नव्हती. दुभाषा म्हणून माझा उपयोग शून्य. माझं कोर्टातलं इंग्रजी आणि त्याचं डोंगरातलं इंग्रजी, यांची आयुष्यात कधी भेटच झालेली नव्हती. मित्र मात्र गळाच्या काठीकडं बोट दाखवून त्याच्याशी सरळ आपल्या शहरी हिंदीत बोलायला लागला, "भाईसाब, इत्ता लंबा बांबू कायकू?" आणि गाइड त्याला उत्तरं द्यायला लागला! कुणाला काय कळत होतं देव जाणे, पण दोघंही माना डोलवत होते. वाक्य अडलं की माझ्याकडं वळायचे, आणि मी निम्मं अंदाजानं सांगायचो.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. गाइडनं आम्हाला एका डोहापाशी नेलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की त्या काळ्या खडकाच्या आड मासे विसाव्याला थांबतात, जरा चाहूल लागली की संपलं. आता आमच्याकडं नदी दिसली की माणूस काय करतो? आमच्या गावातल्या खाम नदीचं सोडा, ती ओलांडताना आम्ही नाक धरतो. पण पुण्याच्या रस्त्यावर गोदावरीचा पूल आला की निम्मी एसटी हात जोडते आणि खिडक्यांतून नाणी टाकते. मित्रानं भरलेली, स्वच्छ, वाहती नदी पाहिली. टोपी काढली, हात जोडले, आणि खिशातलं नाणं थेट त्या काळ्या खडकाच्या आड भिरकावलं. डुबुक असा फार सुंदर आवाज झाला.

 गाइड एका दगडावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, आता या डोहाला तासभर विश्रांती. डोह विश्रांती घेत होता तोवर आम्ही तिघं पावसात बसून राहिलो. मी मनातल्या मनात गोदावरीचे आभार मानले.

वेळ घालवायला गाइडनं आम्हाला सॅमनचा स्वभाव सांगितला. समुद्रातून नदीत शिरला की हा मासा खाणंच बंद करतो. मग गळाला बांधलेली पिसांची नकली माशी तो तोंडात का धरतो? तर भूक लागते म्हणून नाही, राग येतो म्हणून. बिचारा गार पाण्यात पडलेला असतो, हे रंगीबेरंगी काहीतरी सारखं तोंडापुढून जातं, आणि शेवटी त्याचं डोकं फिरतं. हे मी मित्राला सांगितलं तर त्याचा चेहराच खुलला.

"म्हंजे त्याला चिडवायचंय व्हय? आधी नाय का सांगायचं!"

आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यानं माशाला शिव्या द्यायला सुरुवात केली. "निघ की रं बाहेर, मुडद्या! तुह्या बापाची नदी हाय का?" यातल्या ज्या छापता येत नाहीत त्या जास्त परिणामकारक होत्या. गाइडनं मला अर्थ विचारला. मी म्हणालो, स्तोत्र आहे.

परिणाम झालाही. दुसऱ्या दिवशी एका माशानं माशी धरली, पण मित्रानं जोरात हिसका दिला आणि मासा गेला. दुपारी तेच पुन्हा. गाइड हवालदिल झाला. चिडलेला मासा माशी धरून वळतो, तो वळेपर्यंत दम धरायचा असतो. त्यासाठी तिथली माणसं त्यांच्या राजाच्या नावाचं एक वाक्य सावकाश म्हणतात आणि मगच काठी उचलतात. गाइड म्हणाला, राजा तुमचा नाही, तर तुमचं एखादं वाक्य घ्या, एवढ्याच लांबीचं.

मित्रानं आधी दोरी गुंडाळून घेतली. मग म्हणाला, "बसा की, काय घाई हाय, च्या टाकते."

हे त्याच्या बायकोचं वाक्य. पाहुणा जायला उठला की ती दारात आडवी यायची आणि हे म्हणायची. आमच्याकडं उठलेल्या माणसाला अडवावंच लागतं, नाही तर तो समजतो की आपली कटकट झाली. बाकीच्या बायका म्हणण्यापुरतं म्हणतात. ती म्हणता म्हणता स्टोव्ह पेटवायची. ती गेल्यापासून मित्रासमोर तिचा विषय कुणी काढला नव्हता, मीही नाही. मी चष्मा पुसत बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाइड गाडीतून काहीतरी आणायला वर गेला आणि जाळं माझ्या हातात देऊन गेला. तेवढ्यात दोरी ताणली गेली. मित्रानं ते वाक्य मोठ्यानं म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं, आणि काठी उचलली. काठी वाकली, चकरी किंचाळायला लागली. मासा एकदा हवेत उडाला, आणि तो किती मोठा आहे ते पाहून मीच दोन पावलं मागं सरलो.

"जाळं! आरं, जाळं आण की!"

मी पोहता न येणारा, शाकाहारी आणि माशाच्या पक्षाचा. मी नुसता उभा राहिलो असतो तरी मासा गेला असता, आणि कुणी मला एक शब्द बोललं नसतं. पण वर्षभरात हा माणूस पहिल्यांदा असा गळा फाडून ओरडत होता. त्याचा तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पाण्यात उतरलो. दुसऱ्याच पावलाला घसरून खाली बसलो. रबरी विजारीत नदी शिरली. तशात मी जाळं पुढं धरलं आणि मासा त्यात आला. दमून आला असावा, माझं कर्तृत्व काही नाही.

गाइड धावत आला. त्यानं हूक काढला आणि मासा मित्राच्या हातात दिला, तोंड प्रवाहाकडं करून. मासा थोडा वेळ तसाच पडून राहिला, मग शेपटीचा एक तडाखा देऊन निघून गेला. गाइडनं मित्राला मिठी मारली आणि माझी दशा बघून कांबळी आणायला पुन्हा वर गेला.

आम्ही दोघं काठावर बसलो.

"लागला मासा," मित्र म्हणाला. "आता राहावं लागंल."

माझ्या ओठांवर 'तुझी मर्जी' आलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "नको राहू," मी म्हणालो. "प्लॉट विकू नको. तू गेलास तर मला करमणार नाही."

 तो असा उसळला की मला वाटलं, आता मलाच नदीत टाकतो.

"आरं, मंग इतके महिने तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती का? तुला सांगितलं, तू म्हणला तुझी मर्जी. भावाला सांगितलं, तो म्हणला तुझी मर्जी. एक माणूस थांब म्हणला नाय. मला वाटलं, झालं, आपलं हितलं उरकलं. पोरगं तेवढं बोलवीत व्हतं, म्हणून निघालो व्हतो मी."

मी त्याचा मान राखतोय असं मला वाटत होतं, आणि तो इतके महिने दारात उभा राहून कुणी अडवतंय का बघत होता. मला रडू आलं. थंडीनं दातही वाजत होते, त्यामुळं ते फारसं शोभेसं झालं नाही.

तोही नाक पुसत म्हणाला, "पोराला सांगतो, दरसाली येत जाईन, राहणार नाय. पण असं एकदा म्हणल्यावर कुणी थांबतं व्हय? परत म्हण."

मी परत म्हणालो. गाइड कांबळी घेऊन येईपर्यंत म्हणतच होतो.