गजूचा भुऱ्या

माझं मंगरूळपीरला मेडिकल स्टोअर आहे. अंगारा-उतारा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ हाकलून देते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण आता मनात ठेववत नाही.

माझा धाकटा भाऊ गजू शेलूबाजारजवळ शेती करतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याच भुऱ्या बैलानं त्याला डाव्या बरगडीखाली लाथ हाणली. वाशिमला दवाखान्यात सीटी स्कॅन केलं — स्प्लीन, म्हणजे पाणथरी फाटलेली, पोटात रक्त. मला वाटलं, आता लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, बीपी टिकून आहे, थांबून बघू. नुसतं पडून राहायचं, हलायचं नाही, फाट आपोआप भरून येते. हिमोग्लोबिन घसरतच गेलं तर मात्र पोट उघडावं लागेल.

आणि ते घसरतच होतं. माझा जीव टांगणीला, अन् या बाबाला बैलाची काळजी!

"ताई, भुऱ्याले कोनी मारू नोका. मीच त्याच्या मांगून गेलतो."

मरू दे तो बैल, तू गप पड, असं मी चिडून म्हटलं.

मग एका दुपारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन घसरायचं थांबलं होतं. मी जिन्यात बसून रडले. तेवढ्यात घरून गजूच्या बायकोचा, रेखाचा फोन आला.

"ताई, भुऱ्या गेला. चारा खाऊन राह्यला होता... बसला न् गेला."

साथीचा रोग तर नाही ना, म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी तो उघडून पाहिला. रोग नव्हता. पोट रक्तानं भरलेलं, पाणथरी फाटलेली. याला कोणी मारलं काय, असं त्यांनी रेखालाच विचारलं. गजू पडल्यापासून भुऱ्याला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. चारा-पाणी तीच करत होती.

गजू बिनाऑपरेशनचा घरी आला. त्याचं बरं होणं मला समजतं, डॉक्टरांनी चित्र काढून समजावलंय. भुऱ्याचं समजत नाही. योगायोग म्हणा... मीही तेच म्हणते, पण पटत नाही.

गजूला आम्ही सांगितलं, बैल विकला. खरं सांगितलं तर आयुष्यभर म्हणेल, माझ्यापायी गेला. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. परवा गेले होते, तर रिकाम्या दावणीकडं बघत एवढंच म्हणाला,

"त्याले इकाचंच होतं, त मले वाचवलं कायले?"

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? मला तरी कुठं कळलंय.