ओरविलची वयोमर्यादा

ओरविल स्टॅनको पोलिसातून निवृत्त झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावून टाकले. डोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, तेवढं सोसलं. पण पुढच्या आठवड्यात तो तिला भांडी घासायची योग्य पद्धत समजावून सांगायला लागला, तेव्हा ती गाडी काढून थेट आमच्या शाळेत आली. मी तिथे पोरांना दुपारचं जेवण वाढते. वाढायच्या खिडकीतून डोकं आत घालून ती म्हणाली, "अ‍ॅग्नेस, तो नवा कायदा झालाय ना, निवृत्त पोलिसाला पिस्तुलासकट शाळेच्या दारात उभं करायचा? सही कुठे करायची ते सांग."

"सही त्याला करावी लागेल, बाई."

"करेल तो. कसा करत नाही बघते."

अशा रीतीने ओरविल आमच्या दारात उभा राहिला. त्या कायद्यावरून गावात दोन तट पडले होते. अर्धे म्हणायचे, बरं झालं, पोरं सुरक्षित झाली. अर्धे म्हणायचे, पोरांच्या जवळपास पिस्तूल नकोच. चर्चच्या जेवणावळीत दोन्ही तट वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे आणि पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, संपल्या की एकमेकांकडे संशयाने बघायचे. ओरविल दोन्ही टेबलांवर जेवायचा.

मला मात्र तो एकदा म्हणाला, "सगळ्या नोकरीत मी एकच गोळी झाडली. गाडीखाली सापडलेल्या हरणावर. तेसुद्धा चार दिवस डोळ्यांपुढून हललं नाही. रोज सकाळी पट्टा बांधताना पिस्तुलाला सांगतो, बाबा, आजही तुझं काही काम नको." एवढं बोलून त्याने माझ्या ट्रेमधले बटाट्याचे तळलेले गोळे मूठभर उचलले आणि निघून गेला.

पोरांवर त्याचा वचक असावा अशी मुख्याध्यापिका मिसेस ग्रिग्ज यांची फार इच्छा होती. त्याने व्हरांड्यात धावणाऱ्या पोरांना दंडाच्या पावत्या द्यायला सुरुवात केली. दंड म्हणून पोराने एक विनोद सांगायचा. आठवडाभरात झालं असं, की चालत जाणारं पोर शाळेत उरलंच नाही.

मग वसंतात एक रानटर्की, मोराएवढा दांडगा पक्षी, आला. दूधवाल्याच्या ढकलगाडीमागून ऐटीत आत शिरला आणि बक्षिसांच्या काचेच्या कपाटात स्वतःलाच बघून खवळला. त्या दिवसांत नर टर्कीला दुसरा नर दिसलेला खपत नाही. ओरविल धावत आला. त्याच्या छातीवरच्या चकचकीत बिल्ल्यात टर्कीला तिसरा नर दिसला.

ओरविल पुढे, टर्की मागे, असे दोघे जेवणाच्या खोलीत आले. ओरविलने एका हाताने पिस्तुलाचं म्यान घट्ट दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने पँट. पोरं बाकांवर चढून ओरडत होती, आणि सांगायला वाईट वाटतं, पण ती टर्कीच्या बाजूने होती.

"ओरविल, काहीतरी करा," मिसेस ग्रिग्ज खुर्चीवरून म्हणाल्या.

"करतोय की. पळतोय."

शेवटी त्याने खेळाच्या तासाची पॅराशूटसारखी रंगीत कापडी छत्री, ती पोरं गोल धरून हलवतात ती, ओढली आणि टर्कीवर टाकली. नेम चुकला. छत्रीखाली टर्की आणि ओरविल दोघेही सापडले. तो फोटो गावच्या वर्तमानपत्रात आला.

फोटो आमच्या सेनेटर हॅल्विकनी पाहिला. कायद्यात वयाची अट पासष्टची होती आणि ओरविलला पासष्ट पुरी व्हायला आली होती. हॅल्विकना ती अट सत्तरवर न्यायची होती, म्हणून त्यांनी ओरविलला राजधानीत साक्षीला बोलावलं. डोरीन आणि मीही गेलो.

समितीपुढे हॅल्विकनी टर्कीचा असा काही दरोडेखोर केला, की मलाच भीती वाटली. मग विरोधी बाजूच्या एक बाई पुढे झुकून म्हणाल्या, "मिस्टर स्टॅनको, या सगळ्यात पिस्तुलाचा उपयोग काय झाला?"

"पँट खाली ओढायला झाला, मॅडम."

"म्हणजे ते नसावं, असं म्हणता?"

ओरविल म्हणाला, "वाईट दिवस आला तर लागेल. येऊ नये म्हणून मी दारात प्रत्येक पोराचा चेहरा बघतो. कोण रडून आलंय, कोण दोन दिवस गप्प आहे. पण खरं सांगू? मी वयाच्या अटीसाठी आलोय. घरी बसलो तर ही मला जिवंत ठेवणार नाही."

"हे नोंदवून घ्या," मागून डोरीन म्हणाली.

सगळी खोली हसली. अट सत्तरची झाली, पण विरोधकांनी तिला शेपूट जोडलं: अशा प्रत्येकाने लहान मुलांशी वागण्याचा अभ्यासवर्ग पास व्हायचा.

नेमबाजीत ओरविल सहज पास झाला. अभ्यासवर्गात नापास. परीक्षक मैदानातून आत न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाचं सोंग घेऊन बसले होते. ओरविल गडबडला आणि अटक करतानाच्या सवयीने म्हणाला, "तुला गप्प राहण्याचा अधिकार आहे."

ते कळल्यावर डोरीनने पहिलीच्या बाई मिस लिंडक्विस्ट यांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. सबंध उन्हाळा बाईंनी त्याची शिकवणी घेतली, पहिलीच्याच खुर्चीत बसवून. दुसऱ्या परीक्षेत परीक्षक रडायला लागल्यावर ओरविल शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तुझ्या कुत्र्याचं नाव काय रे?" पास झाला. उठवायला मात्र दोन निवृत्त हवालदार लागले.

शाळा उघडली त्या दिवशी एक नवी मुलगी आईच्या गाडीतून उतरेना. ओरविल वाकला.

"तुम्ही खरे पोलीस आहात?" तिने विचारलं.

"होतो."

"मग आता कोण आहात?"

"पहिली पास," ओरविल म्हणाला. "दुसऱ्या खेपेला."

तिने त्याला नीट न्याहाळलं, आपला डबा त्याच्या हातात दिला आणि खाली उतरली.