दोन रेघा आणि माझी सही

समस्त मानवजातीच्या हितासाठी मी गांभीर्यपूर्वक जाहीर करतो की, चेकच्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघा माणसाला तुरुंगाच्या गजांसारख्या दिसू शकतात. मला दिसल्या आहेत.

सत्तरच्या दशकात भिवंडीच्या धामणकर नाक्याजवळच्या एका बँकेत मी कारकून होतो. नोकरी पक्की व्हायला चार महिने होते, आणि ती पक्की होणार या भरवशावर माझं लग्न ठरलं होतं. भिवंडीत रोज नवी माणसं येत, कापड विणायचे लूम टाकत, पण खातं उघडायला त्यांना ओळख देणारं कुणी नसे. मग मॅनेजरसाहेब त्यांचा फॉर्म माझ्या टेबलावर पाठवत. ओळख देणारा म्हणून मी ऐटीत सही ठोकायचो.

असाच एक गृहस्थ सुताच्या एका पेढीच्या नावाने खातं उघडून गेला. आठवड्यात त्याच नावाचा, दोन रेघा मारलेला क्रॉस चेक त्याने भरला आणि वटल्यावर सगळे पैसे काढून पसार झाला. मग पेढीचा खरा मालक काउंटरवर उभा राहिला. चेक टपालातून चोरीला गेला होता. क्रॉस चेकचे पैसे हातात मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात, म्हणून बिचारा निर्धास्त होता.

“लकीरें तो थीं ना?” एवढंच त्याने विचारलं.

होत्या की. पण खातंच भामट्याचं होतं, आणि ते उघडून देणारे आम्ही. चौकशी न करता खातं उघडलं, तेव्हा भरपाई बँकेनेच करायची, असं वकिलाने कळवलं.

मुख्य कचेरीतून तपासनीस आले. केबिनचं दार लागलं. समोर ते, शेजारी मॅनेजरसाहेब. भामट्याला ओळखतो म्हणावं तर मी त्याचा साथीदार. ओळखत नाही म्हणावं तर सही खोटी. मॅनेजरसाहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. बोल म्हणून की गप्प बस म्हणून, ते आजतागायत कळलेलं नाही.

“या गृहस्थांना दोन वर्षं ओळखता, असं फॉर्मवर लिहिलंय,” तपासनीस शांतपणे म्हणाले. “भिवंडीत येऊन तुम्हाला किती दिवस झाले?”

आठ महिने, मी पुटपुटलो.

“मग दोन वर्षं कशी?”

मी मनातल्या मनात एक झकास थाप रचली. जवळच्या शेलार गावात माझे मामा, त्यांच्याकडच्या दोन वर्षांपूर्वीच्या हळदीत याची गाठ पडली, दोघांनी एका पंगतीत मटण हाणलं. पुरावा म्हणून मामाही उभे करता आले असते. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं:

“साहेब, त्याहून कमी लिहिलं तर मॅनेजरसाहेब फॉर्म परत पाठवतात हो!”