कासारणीने धरलेला हात

आमच्या रुग्णालयाने आम्हा नर्सना फसवले. साथीत आमची घबराट वाढली, तेव्हा मनाची विचारपूस करायला तज्ज्ञ येणार असे सांगून आधीच सह्या घेतल्या. तज्ज्ञ आलाच नाही. कागदावर मात्र प्रत्येकीच्या नावापुढे ‘समुपदेशन पूर्ण’ लिहून झाले. मंडईत मेथीची जुडी उलगडून पाहिल्याशिवाय न घेणारी मी, तिथे न वाचता सही करून बसले.

तोवर माझे हात थरथरू लागले होते. वर्ध्याहून एकटी येऊन याच हातांच्या जोरावर मी पुण्यात उभी राहिले. कुणाची शीर सापडेना की मला हाक यायची. त्या आठवड्यात एका आजोबांना सलाईनची सुई तीनदा टोचावी लागली. त्यांनी आपणहून दुसरा हात पुढे केला, तेच जास्त लागले. पुन्हा असे झाले तर नोकरी सोडायची, असे ठरवून दुपारी ड्युटी संपल्यावर मी कसबा पेठेतल्या माझ्या नेहमीच्या गणपतीकडे गेले. साथीमुळे देवळाच्या दाराला कुलूप. मी तिथेच भांडले, “इतकी वर्षं न चुकता येते. आता तुझी पाळी. माझे हात परत दे.”

“अहो बाई, त्याला ऐकू येतं. कुलूप कशाला हलवताय?” शेजारच्या पायरीवर बांगड्या भरणारी म्हातारी कासारीण बसली होती. “हात द्या इकडे.”

“मला बांगड्या नकोत.”

“विकतंय कोण?”

“साथीच्या वॉर्डातली नर्स आहे मी. शिवू नका.”

“नंतर धुवू की दोघी.”

हिचा डाव काय, हेच मी शोधत होते. तिने बांगडी भरताना दाबतात तसा माझा पंजा दाबला. “सैल सोडा. आवळून धरलाय म्हणून थरथरतोय. आवळलेल्या हातावर बांगडी फुटते.” कित्येक महिन्यांत हातमोज्याशिवाय मला कोणी शिवले नव्हते. मी रडले. माझ्या हाताची थरथर थांबली.

दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांची शीर पहिल्याच वेळी मिळाली. तरी संशय जाईना. परत जाऊन विचारले, “तुम्हाला कोणी पाठवलं होतं?”

“घरात उकडत होतं, म्हणून बसले होते,” ती म्हणाली.

ती कृपा की योगायोग, यावर मी घासाघीस करत नाही. आयुष्यात प्रथमच भाव न विचारता घेतले आणि कुलपापुढे डोके टेकवले. पण तो कागद मी सोडणार नाही. माझ्या नावापुढे ‘पूर्ण’ लिहिणाऱ्याने समोर यावे आणि सांगावे, त्या दुपारी माझा हात कोणी धरला होता?