रिकामे हात

अकोल्याकडचा आमचा पानमळा बाबांनी जन्मभर सांभाळला. पहाटे वेलींना पाणी, मग पानं खुडायची, दुपारी माय आणि ते मिळून ती टोपल्यांत लावायचे. दादा अमरावतीच्या कचेरीत कारकून झाला, त्यानं घर बांधलं, तेव्हा मळा चुलत्यांकडे सोपवून तो दोघांना घेऊन आला. आता तुम्ही काही करायचं नाही, बसून खायचं, म्हणाला. मी लग्न होऊन अमरावतीतच राहत होते. मलाही बरं वाटलं.

सुरुवातीला बाबा ओट्यावर खुशीत बसले. मग सकाळचे दिसेनासे झाले. बाजारातल्या एका मुसलमान पानवाल्याशी त्यांची ओळख झाली होती. त्याच्या दुकानात बसून ते टोपलीतली पानं उलटीपालटी करत, सडकी काढून टाकत. तो पैसे द्यायला लागला की रागावत. घरी मात्र हसत येत.

कचेरीत कुणीतरी दादाला टोमणा मारला. त्या संध्याकाळी मी तिथंच होते.

“बाबा, तुमाले घरी काय कमी हाये? बजारात काहून बसता?”

“कमी काईच नाही रे,” बाबा म्हणाले. “हात रिकामे रायतात.”

दादानं हात जोडले. माझ्या अब्रूसाठी तरी जाऊ नका, म्हणाला. बाबा पुन्हा गेले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. दिवसभर भिंतीला टेकून बसत. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. पानवाला एकदा विचारपूस करायला आला. बाबांनी त्याच्या हातातलं पान घेतलं, बोटांनी चाचपलं आणि परत दिलं. थंडी सरायच्या आत ते गेले. वैद्याला दुखणं सापडलं नव्हतं.

दादा खचला. तेराव्यानंतर त्यानं स्वयंपाकाला बाई ठेवायचं ठरवलं आणि मायला म्हणाला, तू तरी आता बस. अमरावतीला आल्या दिवसापासून चूल मायकडेच होती. तेही कामच आहे, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती ज्वारीचं पीठ मळत होती.

“मले कोनं कधी पगार देला होता, का मी आता काम सोडू?”

ती रागानं बोलली नाही. डोळे वाहत होते, पण ते पुसायलाही तिनं हात थांबवले नाहीत. दादा तिथंच चुलीपाशी बसला. तिनं गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली.

“खाऊन घे. कचेरीले उशीर हून राहिला.”