महादेवीअक्काचा हेर

संगमेश्वर उदगीरच्या एका चार पानी दैनिकात बातमीदार होता आणि उरलेल्या वेळात हेरकथा वाचायचा. दोन्हींची त्यानं अशी खिचडी केली होती, की मोंढ्यात तुरीचा भाव विचारायलाही हा बाबा काळा चष्मा लावून जायचा.

त्याच्या कादंबऱ्यांतला हेरखात्याचा साहेब एका शब्दात हुकूम सोडायचा. माणूस पकडला गेला, की हा आमचा नाहीच म्हणून कानावर हात ठेवायचा आणि मागच्या दारानं त्याला सोडवून आणायचा. या रुबाबावर संगमेश्वर फिदा होता. त्याची संपादक महादेवीअक्का मात्र विचारून विचारून जीव खायची. कोण बोललं? तू स्वतः ऐकलंस? असल्या बाईला हेरखात्यात कुणी झाडायलाही ठेवलं नसतं, असं त्याचं ठाम मत होतं.

बाजार समितीची निवडणूक लागली. गुरुपादप्पा आणि वीरण्णा हे दोन आडते समोरासमोर उभे राहिले. एका दुपारी गुरुपादप्पांच्या उंबऱ्याबाहेर संगमेश्वरला वीरण्णांचे नक्षीदार जोडे दिसले. ते जोडे अख्खा मोंढा ओळखायचा. झालं, आमच्या हेरानं छुप्या युतीची बातमी ठोकून दिली.

"दोघांना इचारलास का?" अक्कानं विचारलं.

"हाव," तो बेधडक म्हणाला. विचारलं कुणालाच नव्हतं.

आत चालली होती सोयरीक. वीरण्णांचा मुलगा वीरेश आणि गुरुपादप्पांची मंजुश्री एकमेकांना पसंत होती. सुपारी फुटेपर्यंत आपल्याकडे अशा गोष्टीचा कुणी आवाज करत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बातमी वाचून वीरण्णा पेटले. आपली मतं फोडायला गुरुपादप्पांनीच हे छापून आणलं म्हणाले आणि सोयरीक मोडायला निघाले. मंजुश्रीनं रडून रडून डोळे सुजवून घेतले.

अक्कानं संगमेश्वरला स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट वीरण्णांच्या घरी नेलं.

"कुणाचं काम हाय हे?" वीरण्णा गरजले.

आता अक्का आपल्याला ओळख दाखवणार नाही, हे संगमेश्वर धरूनच चालला होता. मनातल्या मनात त्यानं तिला माफही करून टाकलं.

"माझा माणूस हाय," अक्का म्हणाली. "छापलं मी. गुरुपादप्पांचा काई संबंध न्हाई. काय बोलायचं ते मला बोला. उद्या पैल्या पानावर माफी येईल."

वीरण्णा पोटभर बोलले. अक्का हात जोडून ऐकत राहिली. संगमेश्वरला भरून आलं. कादंबऱ्यांतले सगळे साहेब हिच्या पासंगालाही पुरणार नाहीत, असं त्याला वाटलं. शेवटी वीरण्णांच्या बायकोनं, उमाबाईंनी, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि सोयरीक वाचली.

बाहेर येताच तो अक्काच्या पाया पडला. "अक्का, तुमी वाचवलात मला."

"तुला न्हाई, त्या पोरीला," अक्कानं स्कूटी सुरू केली. "नुसती चूक असती तर पोटात घातली असती. तू मला खोटं बोललास. उद्यापासून येऊ नको."

आणि त्याला तिथंच उन्हात उभा सोडून ती माफी लिहायला गेली.